पॉकेट बाईक, मिनी डर्ट बाईक आणि आपली मुलं : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की या गाड्यांबद्दल विचारणा वाढते. ऑनलाइन दुकानांत फोटो पाहून मुलं हट्ट धरतात आणि आजोबा नातवासाठी थेट ऑर्डरच देऊन टाकतात. खोकं घरी आलं की मग फोन येतो, "आता ही चालवायची कुठे?" खरं तर हा प्रश्न ऑर्डर देण्याआधी पडायला हवा. म्हणून गाडीच्या गुणांपेक्षा कायदा, जागा आणि सुरक्षितता यांबद्दलच इथे जास्त लिहिलं आहे.

पॉकेट बाईक म्हणजे नक्की कोणती गाडी?

दिसायला रेसिंग मोटरसायकलसारखी, उंचीला मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांना ४९ सीसीचं टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं इंजिन असतं. दोरी ओढून स्टार्ट करायची, गिअर नाहीत, क्लच आपोआप लागतो, मागच्या चाकाला चेन. वजन साधारण २० ते २५ किलो. हिचीच दुसरी बहीण म्हणजे मिनी डर्ट बाईक. तिची चाकं जरा मोठी, टायर खाचांचे आणि सस्पेन्शन थोडंफार काम करणारं. तिसरा प्रकार बॅटरीवरचा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वेग ऐकून पालक दचकतात. वेगाला बांध घातलेला नसेल तर ही गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर सहज जाते. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी १६ मीटर पुढे गेलेली असते.

दुकानदार म्हणतो हे खेळणं आहे, लायसन्स-बियसन्स काही लागत नाही. खरं का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला त्यातून सूट मिळते ती इंजिन २५ सीसीपर्यंतचं असेल तरच. ४९ सीसी म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट. खोक्यावर 'टॉय' छापलेलं असो, बिलावर 'किड्स स्पोर्ट्स आयटम' लिहिलेलं असो, रस्त्यावर आली की ती मोटरसायकलच. मग नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं लागू.

याच व्याख्येत आणखी एक अपवाद आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच खास बनवलेली वाहनं तिच्यातून वगळली आहेत. विक्रेते याच वाक्याचा आधार घेतात. पण गाडी त्या आवाराच्या फाटकाबाहेर पडली की या आधाराचा उपयोग राहत नाही.

मग पासिंग करून घेतलं तर?

होणार नाही. भारतात रस्त्यावर विकायच्या प्रत्येक मॉडेलची आधी चाचणी व्हावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार हे काम ठरावीक संस्था करतात आणि त्यातली एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. मॉडेल मंजूर झालं की कंपनी फॉर्म २२ (गाडी नियमांत बसते असा दाखला) देते, डीलर फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) देतो आणि मग आरटीओ नंबर देतं. आयात करून खोक्यात येणाऱ्या पॉकेट बाईकना ही मंजुरी नसते. इंडिकेटर नाहीत, आरसे नाहीत, हेडलाइटच्या जागी बऱ्याचदा नुसतं स्टिकर. "नंबर काढून देतो" म्हणणारा एजंट भेटलाच, तर त्याच्याकडे या मॉडेलचा फॉर्म २२ मागा.

१६ वर्षांच्या मुलाला ५० सीसीचं लायसन्स मिळतं ना?

मिळतं. कलम ४ मध्ये तशी तरतूद आहे आणि पालकाची लेखी संमती लागते. ही तरतूद लुनाच्या काळाला शोभणारी. १९७२ साली आलेली कायनेटिकची ती मोपेड ५० सीसीच्या आत होती आणि कॉलेजची कितीतरी मुलं तिच्यावर शिकली. पण लायसन्स हातात असलं तरी गाडी नोंदणीकृत हवीच. पॉकेट बाईकची नोंदणीच होत नाही, त्यामुळे हे लायसन्स इथे उपयोगाचं नाही.

पकडलं तर काय होतं? दंड भरून सुटका होते ना?

या उत्तराला जरा जास्त वेळ द्या.

विनानोंदणी वाहनासाठी कलम १९२ खाली पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड. विनालायसन्स चालवल्याबद्दल कलम १८१. विमा नाही म्हणून कलम १९६. हेल्मेट नाही म्हणून १९४ ड. गाडी जप्त करायचा अधिकार पोलिसांना कलम २०७ ने दिलेला आहेच. पण खरा घाव २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९९ अ चा. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

"मला माहीतच नव्हतं" असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी पालकावर आहे. गाडी तुम्हीच विकत आणलेली, पेट्रोल तुम्हीच भरलेलं आणि व्हिडिओ तुमच्याच मोबाइलवर, अशा वेळी हे सिद्ध कसं करणार? मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकांचा विषय घराघरांत पोचला आहे आणि पोलीसही आता तो हसण्यावारी नेत नाहीत.

कुणाला लागलं, तर भरपाईचा दावा वेगळा. त्याला वरची मर्यादा नाही आणि विमा नसल्यामुळे रक्कम खिशातून जाते.

सोसायटीच्या आवारात, पार्किंगमध्ये?

कायद्याने 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे अशी जागा. मग तो वाहता रस्ता असो वा नसो. सोसायटीचा आतला रस्ता त्यात मोडतो की नाही, यावर वाद घालता येईल. पण घालू नका, कारण तोवर कुणाचं तरी हाड मोडलेलं असतं. अशा रस्त्यावर दूधवाला येतो, डिलिव्हरीची मुलं येतात, आजी काठी टेकत जातात आणि सायकलवरची चार वर्षांची पोरं कोपऱ्यावरून अचानक वळतात. पॉकेट बाईकवर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंच. रिव्हर्स घेणाऱ्या एसयूव्हीच्या ड्रायव्हरला ते दिसतच नाही.

बेसमेंटमध्ये तर अजिबात नको. टू-स्ट्रोकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि बंद जागेत तो साचतो. आवाजाचंही आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि या गाडीचा सायलेन्सर नावापुरता असतो. शेजारी तक्रार करतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

मग चालवायची कुठे?

तीनच जागा सांगता येतील. मालकाची लेखी परवानगी असलेलं कुंपणाचं मोकळं मैदान किंवा शेत. परवानगी देणारा कार्टिंग ट्रॅक. किंवा मुलांना शिकवणारी डर्ट बाईक अकादमी. शेत असेल तर आधी पायी फेरी मारा. विहिरीला कठडा आहे का? ठिबकच्या नळ्या, तारेचं कुंपण, बांधावरचे दगड कुठे आहेत? मुलाच्या मानेच्या उंचीवर ताणलेली तार हा सगळ्यात वाईट धोका. अशा तारांना रंगीत कापड बांधा, नाहीतर ती बाजूच सोडून द्या.

गुळगुळीत रोडटायरची पॉकेट बाईक मातीत नेऊ नका. तिचं चाक टायरसकट जेमतेम २८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या १४. आपल्याकडचा गतिरोधक नियमात बसणारा असला तरी १० सेंटिमीटर उंच असतो. मोठी मोटरसायकल ज्या खड्ड्यावरून नुसती हलून जाते, तिथे हे चाक अडकतं आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. मातीसाठी डर्ट बाईक, सपाट डांबरासाठी पॉकेट बाईक. यात तडजोड नको.

वय किती हवं?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, १६ वर्षांखालच्या मुलांनी ऑफ-रोड मोटार वाहनं चालवूच नयेत असं म्हणते. दुसरीकडे मुलांच्या रेसिंगमध्ये दहाव्या वर्षी स्पर्धाही सुरू होतात. या दोन टोकांच्या मध्ये पालकाने निर्णय घ्यायचा आहे. माझं मत विचाराल, तर वयाच्या आकड्याआधी चार गोष्टी बघा. मूल दोन चाकांची सायकल आधाराविना सफाईने चालवतं का? सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतात का? ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचतात का आणि ती दाबायला जोर पुरतो का? आणि "थांब" म्हटल्यावर ते त्याच क्षणी थांबतं का? चौथ्याचं उत्तर नाही असेल, तर पहिल्या तिघांना अर्थ नाही.

साइड व्हील लावून पाच वर्षांच्या मुलाला देऊ का?

नको. वळताना गाडी झुकायला हवी. आधाराची चाकं तिला झुकू देत नाहीत, मग ती उलट्या बाजूला पलटते.

हेल्मेट कोणतं? घरातलं मोठं चालेल का?

मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर फिरतं आणि पडताना निघून जातं. वजनामुळे मानेवर ताण येतो तो वेगळा. मुलांच्या मापाचं, पूर्ण चेहरा झाकणारं, आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का असलेलं घ्या. टेप घेऊन भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं मागा. 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं घ्यायचं असतं ते शाळेच्या गणवेशाला.

घालून झाल्यावर पट्टा बांधा आणि मागच्या बाजूने हेल्मेट वर उचलून पुढे काढायचा प्रयत्न करा. निघालं तर माप चुकलं. डोकं डावी-उजवीकडे हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकायला हवी. एकदा जोराचा आपट बसलेलं हेल्मेट टाकून द्या. आतलं थर्माकोल दबलेलं असतं, ते बाहेरून कळत नाही. सायकलचं हेल्मेट इथे चालत नाही.

बाकी काय घालायचं?

पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट किंवा जर्सी, जाड जीन्स, घोटा झाकणारे बूट, बोटं झाकणारे हातमोजे, गुडघा आणि कोपराचे गार्ड, छाती-पाठीचं कवच. गार्डवर ईएन १६२१ हा युरोपियन क्रमांक दिसला तर चांगलं. बुटांच्या लेस आत खोचा, ओढणी-मफलर काढून ठेवा, लांब केस हेल्मेटच्या आत. चेन उघडीच असते. मे महिन्यात हा सगळा साज असह्य होतो, म्हणून सकाळी आठच्या आत आटपा. उकडतंय म्हणून जॅकेट काढलं की त्या दिवसाचा सराव संपला, असा नियमच करून टाका.

खोक्यातून काढल्यावर थेट चालवता येते का?

इथे सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. या गाड्या अर्धवट जोडलेल्या येतात आणि कारखान्यात आवळलेले नटही भरवशाचे नसतात. इंजिनाच्या थरथरीने पहिल्या तासाभरातच ते ढिले पडतात. मेकॅनिककडे न्या आणि त्याच्या शेजारी उभं राहून बघा. दोन्ही ॲक्सलचे नट, हँडलचा क्लॅम्प, इंजिनाचे बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे स्क्रू एकेक करून आवळून घ्या. जिथे थ्रेड लॉक (नट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावता येईल तिथे लावा.

मग एक्सलेटर. हा भाग कधीच टाळू नका. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळून सोडा. ती खटकन जागेवर यायला हवी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करा. केबल आखूड असेल तर हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढते आणि वळणावरच गाडी सुसाट सुटते. कार्ब्युरेटरच्या स्लाइडमध्ये कचरा अडकला तरी हेच होतं. पॉकेट बाईकवरचे काही वाईट अपघात मुलाच्या चुकीने होत नाहीत, अडकलेल्या एक्सलेटरने होतात.

आयडलिंग, म्हणजे एक्सलेटर न पिळता इंजिन चालतं तो वेग, जास्त ठेवलेलं असेल, तर स्टार्ट होताक्षणी क्लच पकडतो आणि गाडी पळते. म्हणून पहिल्यांदा स्टार्ट करताना मागचं चाक स्टँडवर उचललेलं असू द्या. नुसत्या आयडलिंगवर चाक फिरत असेल तर आयडलिंगचा स्क्रू कमी करा. ब्रेक लावल्यावर ते लगेच थांबायला हवं. चेन मधोमध बोटाने दाबून सेंटिमीटरभर हलावी. हे इंजिन बंद असतानाच तपासायचं, कारण फिरत्या चेनमध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही.

वेग कमी करता येतो का?

येतो आणि करायलाच हवा. बऱ्याच गाड्यांना एक्सलेटरच्या मुठीजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ अर्धीच पिळली जाते. सुरुवातीला तो इतका आत घ्या की गाडी पळत्या माणसाएवढीच जाईल. महिन्याभराने थोडा सैल करा. पाना मुलाच्या हाती लागणार नाही असं बघा, कारण यूट्यूबवर 'स्पीड कैसे बढाएं' याचे व्हिडिओ त्यालाही सापडतात.

किल स्विचची दोरी खरंच लागते का?

हो, ही सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे. दोरीचं एक टोक मुलाच्या मनगटाला, दुसरं स्विचला. मूल पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. गाडीबरोबर आली नसेल तर बसवून घ्या. प्रत्येक सरावाआधी दोरी ओढून बघा, इंजिन खरंच बंद पडतं ना.

पहिल्या दिवशी कसं शिकवायचं?

इंजिन बंद ठेवून. गाडीवर बसवा, तुम्ही ढकला आणि तुम्ही सांगाल तिथे त्याला ब्रेक लावू द्या. दोन्ही ब्रेक स्कूटरसारखे हातात असतात. ते दोन्ही एकदम, हळूहळू दाबायची सवय आधी लागू दे. थांबता आलं की मगच इंजिन. मैदानात एकावेळी एकच गाडी. मोठा माणूस मधोमध उभा राहील, मोबाइल खिशात ठेवून. वीस मिनिटं झाली की विश्रांती, कारण मुलं थकलेली कबूल करत नाहीत.

मागे धाकट्याला बसवू का? मी स्वतः चालवून बघू का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, खोक्यावरची वजनाची मर्यादा वाचा. ब्रेक आणि टायर मुलाच्या वजनासाठी बनवलेले आहेत आणि गुडघे कानाशी घेऊन बसलेल्या माणसाला तोल सावरता येत नाही. लग्नाच्या वरातीत अशा गाडीवर बसून मिरवणारे काका तुम्हीही पाहिले असतील. ते पडतातच.

पेट्रोल साधं चालतं का? ऑइल किती?

टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये २टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं खास ऑइल, मिसळावंच लागतं. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत असतं. २५:१ म्हणजे एक लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. नवीन इंजिनाला सुरुवातीला जास्त ऑइल देतात. ऑइल विसरलात तर पिस्टन जाम होतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अचानक अडकू शकतं.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि स्वस्त रबरी नळ्या लवकर कडक किंवा चिकट करतं. दर महिन्याला नळी वाकवून बघा. भेग दिसली की बदला, ती पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे. पेट्रोल धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीच नको. घरातलं कुणी ते पाणी समजून पिऊ शकतं. इंजिन गरम असताना टाकी भरू नका आणि आधी सायलेन्सर थंड होऊ द्या. मुलांच्या पोटरीवर याच सायलेन्सरचे चटके बसतात.

बॅटरीवरची घेतली तर सगळी कटकट मिटते का?

धूर आणि आवाज मिटतो. कायद्यातून सूट मात्र मर्यादित आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर, इतर अटी पाळून, ती मोटार वाहन ठरत नाही. बाजारातल्या 'मुलांच्या' अनेक इलेक्ट्रिक डर्ट बाईक ३५० किंवा ५०० वॅटच्या असतात, म्हणजे अटीबाहेर. शिवाय आवाज नसल्यामुळे त्या येताना कुणाला कळत नाहीत. चार्जिंग रात्री झोपताना लावू नका आणि जिन्यात किंवा दारात तर नकोच. लिथियम बॅटरी पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

पडून लागलं तर?

आधी किल स्विच, मग मूल. मूल शुद्धीवर नसेल, मान दुखतेय म्हणत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. १०८ ला फोन करा. श्वास अडत असेल तरच हेल्मेट काढायचं, तेही दोघांनी मिळून, एकाने मान धरून. डोक्याला मार लागून नंतर उलटी झाली, झोप अनावर झाली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर वरून जखम नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मुलाला खरंच आवड आहे. स्पर्धेचा मार्ग आहे का?

आहे. देशातल्या मोटार स्पर्धांचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया करते. तिच्या परवान्याच्या स्पर्धेत गाडीची तपासणी, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि मार्शल असतात. २०२२ मध्ये एफआयएम मिनीजीपी इंडिया ही १० ते १४ वयाच्या मुलांची मालिका सुरू झाली. तिथे पॉकेट बाईक नसते, ओव्हाले कंपनीची १६० सीसीची छोटी रेसिंग गाडी असते.

ट्रॅकवर धोका नाही असं मात्र समजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेत १३ वर्षांच्या एका गुणी मुलाचा मृत्यू झाला. सगळी व्यवस्था असतानाही असं घडू शकतं, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी घरात बोललं गेलं पाहिजे.

आम्ही परदेशात राहतो. तिथले नियम?

ब्रिटनमध्ये रस्ता, फुटपाथ, बाग सगळीकडे बंदी. खासगी जागेत, मालकाच्या परवानगीनेच. उपद्रव दिला तर पोलीस रिफॉर्म ॲक्ट २००२ च्या कलम ५९ खाली गाडी जप्त होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा, कधी शहराचाही, वेगळा नियम आहे, तो स्थानिक पोलिसांकडूनच विचारून घ्या. तिथला एक किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे. २००८ च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंत शिशावर मर्यादा आली आणि त्यात मुलांच्या मोटरसायकलीही अडकल्या, कारण बॅटरी आणि काही धातूच्या भागांत शिसं असतं. दुकानांतून त्या गाड्या उचलल्या गेल्या. मग मुलं मोठ्यांच्या गाड्या चालवतील आणि ते जास्त घातक ठरेल, असा युक्तिवाद झाला. २०११ मध्ये संसदेने त्यांना सूट दिली.

सेकंड हँड घेऊ का?

घेऊ शकता, पण फ्रेमवर वेल्डिंगचे नवे डाग दिसले तर सोडून द्या. पुढचं चाक उचलून हँडल हलवा, कटकट वाजलं तर बेअरिंग गेलेलं. बिल मागा. इंजिनावरचा क्रमांक खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असली तरी हात लावू नका. आणि विकणाऱ्याला विचारा, त्याच्या मुलाने ती का सोडली.